गिऱ्हाईक कुणाच्या शब्दावर येतं? छोट्या धंद्यातल्या 'रेफरल'ची सोपी उकल

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणाऱ्या खंडपीठाचं, कामकाज सुरू झालं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली माणसं तारखेला येतात. वैभववाडीहून पहाटे निघून, गगनबावड्याचा घाट चढून आलेला पक्षकार भाऊसिंगजी रोडवर उभा राहतो तेव्हा गावात त्याच्या ओळखीचं कुणी नसतं. टायपिंग कुठं, दुपारचं जेवण कुठं, काम उद्यावर गेलं तर रात्री मुक्काम कुठं? तो चहाच्या गाड्यावर विचारतो. "हितनं दोन मिनटांवर खानावळ हाय बगा, घरच्यासारखं जेवान. माझं नाव सांगा." खानावळीला गिऱ्हाईक मिळालं आणि जाहिरातीवर एक रुपया खर्च झाला नाही.

छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिणं आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरणं हे माझं काम. वह्या चाळताना मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: हे नवीन गिऱ्हाईक कुठून आलं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "कुणीतरी सांगितलं म्हणून आलं." मग मी विचारतो, कुणी सांगितलं, का सांगितलं, पुन्हा सांगेल का? तिथं गप्प. ज्या गोष्टीवर घर चालतं ती गोष्ट माणसं नशिबावर सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ती थोडी समजून घेतली तर हळूहळू जाणूनबुजून उभी करता येते.

रेफरल म्हणजे नेमकं काय?

एकानं आपल्या ओळखीचं गिऱ्हाईक स्वतःच्या जबाबदारीवर दुसऱ्याकडे पाठवणं, म्हणजे रेफरल. आपल्याकडे यासाठी 'शिफारस' हा चांगला शब्द आहे, पुढे तोच वापरतो. जाहिरातीत आपण आपल्याबद्दल सांगतो. वशिल्यात लायकी बघितली जात नाही. दलालीत सांगणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या टक्क्यांवर असतं. शिफारस करणारा मात्र आपला शब्द गहाण ठेवतो. काम चांगलं झालं तर त्याची पत वाढते, बिघडलं तर आधी बोल त्यालाच लागतो. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो याचमुळे.

सगळ्याच धंद्यांना शिफारशीची सारखी गरज नसते. बिस्किटाचा पुडा घ्यायला कुणी शेजाऱ्याला विचारत नाही. पण लग्नाचा आचारी? जेवण फसलं तर पंगत पुन्हा बसवता येत नाही. प्लंबर, फॅब्रिकेटर, शिकवणी, आजारी माणसाला सांभाळणारी बाई, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, इथं माल आधी हातात घेऊन बघता येत नाही. जिथं पैसे आधी आणि खात्री नंतर, तिथं शिफारस सगळ्यात जास्त चालते. आपला धंदा यात बसतो का, हे आधी तपासावं.

पैरा आठवा

हे जाळं कसं चालतं ते समजायला शेताच्या बांधावर जाऊ. ज्यांची मुळं गावाकडं आहेत त्यांना पैरा सांगायला नको. आज माझ्या रानात पेरणी, तुम्ही दोघं या. परवा तुमच्याकडं, मी बैलजोडी घेऊन येतो. पैसे फिरत नाहीत, हिशेब डोक्यात असतो, आणि तो कधीच अगदी काट्यावर जुळत नाही. एका बैलजोडीच्या दिवसाला माणसाचे किती दिवस, हे गावागावानं आपापलं ठरवलेलं असतं. पण जो नुसता जेवायला येतो आणि दुसऱ्याच्या रानात वाकत नाही, त्याला पुढच्या हंगामात कुणी बोलवत नाही. भांडणही होत नाही, नुसतं बोलावणं थांबतं.

शिफारशीचं जाळं म्हणजे धंद्यातला पैरा. त्यात कुणीतरी आधी दुसऱ्याच्या रानात जावंच लागतं. ज्याला जाळं हवंय त्यानं स्वतः आधी जावं. महिनाभर कुणाकडेही काम मागू नये. आपल्या गिऱ्हाइकांना दुसरं काय लागतंय ते ऐकावं आणि योग्य माणसाकडे पाठवावं. माझ्या बघण्यात, जाळं ज्यांचं टिकलं त्यांनी सुरुवात अशीच केली होती.

कुणाकुणाला जोडायचं?

इथं बहुतेकांची चूक होते. मेळाव्यात जाऊन पन्नास व्हिजिटिंग कार्डं वाटतात आणि पन्नास खिशात घालून आणतात. खरा धडा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत मिळतो. तिथल्या कामाची वाट बघा: पॅटर्न म्हणजे साचा एकाकडे, कास्टिंग म्हणजे ओतकाम फाउंड्रीत, फेटलिंग म्हणजे ओतलेल्या भागाची साफसफाई तिसऱ्याकडे, मग मशीन शॉप, पुढं हीट ट्रीटमेंट किंवा पावडर कोटिंग, शेवटी टेम्पोत भरून शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला. टर्निंग करणाऱ्याला कुणी मिलिंगचं विचारलं की तो म्हणतो, "आमच्यात होत न्हाई, पलीकडच्या शेडमधी जावा." ही माणसं एकमेकांची स्पर्धक नाहीत. एकाच कामाच्या पुढच्या-मागच्या कड्या आहेत.

हेच आपल्या धंद्याला लावायचं. प्रश्न एवढाच: माझ्याकडे यायच्या जरा आधी गिऱ्हाइकानं पैसे कुणाला दिले, आणि माझ्यानंतर कुणाला देणार? समजा राजारामपुरीत एका ताईंचं पडदे शिवायचं दुकान आहे. नवीन फ्लॅटची किल्ली मिळाल्यावर घरात आधी वायरमन येतो, मग ग्रिलवाला, मग सुतार, मग रंगारी. पडद्यांची पाळी त्यानंतर. पडदे लागले की वास्तुशांत, म्हणजे गुरुजी आणि जेवणाचं कंत्राट. ताईंसाठी सोन्याची माणसं कोण? सुतार आणि रंगारी, कारण काम संपत आल्याचं सगळ्यात आधी त्यांना कळतं. आणि ताई कुणाला उपयोगी पडतील? केटररला. कारण पडद्याची घाई का आहे हे गिऱ्हाईक त्यांना सांगतंच, "सोळा तारखेला वास्तुशांत आहे."

एका कागदावर मधे आपला धंदा लिहावा, डावीकडं आधीचे, उजवीकडं नंतरचे. पाच-सहा नावं पुरतात. ज्यांचं काम आपण स्वतः बघितलंय, ज्यांच्या दारात जाऊन बसता येतं, अशी. याहून जास्त नावं सांभाळणं एकट्या माणसाला जमत नाही.

रोजच्या कट्ट्यापेक्षा लांबची ओळख

आता थोडी चकित करणारी गोष्ट. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं होतं की ज्यानं नोकरीची खबर दिली तो माणूस तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायचा? वारंवार भेटणाऱ्यांकडून खबर मिळालेले निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. पाहणी छोटी होती आणि नोकरीबद्दल होती, गिऱ्हाइकांबद्दल नव्हती, हे ध्यानात ठेवू. पण तिच्यामागचं कारण आपल्याला लगेच पटतं. शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर रोज भेटणाऱ्या चौघांच्या ओळखी जवळजवळ सारख्याच असतात. जे एकाला माहीत ते चौघांना माहीत. कसबा बावड्यात राहणारा, तीन महिन्यांतून एकदा लग्नात भेटणारा जुना वर्गमित्र मात्र वेगळ्याच माणसांत वावरतो. त्याच्याकडे जी खबर आहे ती कट्ट्यावर पोचतच नाही.

म्हणून त्या पाच-सहा नावांत एक-दोन तरी आपल्या पेठेबाहेरची, आपल्या नात्यागोत्याबाहेरची असावीत. त्यांना वर्षातून चार वेळा सहज फोन करावा, काम नसताना.

"काय काम असलं तर सांगा" एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. असं वाक्य समोरचा मान हलवून ऐकतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. त्याला नेमकं काय बघायचं ते सांगावं लागतं. त्या ताईंनी सुताराला म्हणावं, "दादा, ज्या घरातलं फर्निचर आठ दिवसांत उरकणार आहे आणि खिडक्यांची मापं अजून कुणी घेतलेली नाहीत, असं घर दिसलं की माझी आठवण काढा." आता सुताराच्या डोळ्यांसमोर चित्र आहे. पुढच्या घरात रंधा मारताना नजर आपोआप खिडकीकडे जाईल.

नंबर देतानाही रीत पाळावी. आधी गिऱ्हाइकाला विचारावं, "त्यांना तुमचा नंबर देऊ का?" न विचारता नंबर वाटला की गिऱ्हाइकाला आपण विकले गेलो असं वाटतं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यातही संमतीलाच मोठं स्थान आहे.

आणि काम झाल्यावर उलटा निरोप. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण माणसं इथंच कमी पडतात. ज्यानं पाठवलं त्याला त्याच दिवशी कळवायचं, "तुमचे पाहुणे आले होते, माप घेतलं." काम जमलं नाही तरी कळवायचं. ज्याला निरोप मिळत नाही तो तिसऱ्यांदा कुणाला पाठवत नाही.

कमिशन द्यायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो नको. समजा चपलांच्या दुकानदारानं पाहुणे आणून देणाऱ्याला जोडीमागं शंभर रुपये ठरवले. हे शंभर येणार कुठून? एकतर किंमत वाढेल, नाहीतर कातडं हलकं लागेल. आणि सांगणारा उद्यापासून चांगलं दुकान सांगणार नाही, जास्त देणारं दुकान सांगेल. सांगण्यामागं पैसे आहेत हे गिऱ्हाइकाला कळलं की त्या शब्दाला वजन उरत नाही.

काही व्यवसायांत तर नियमानंच मनाई आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार चालत नाही, लोक ज्याला 'कट प्रॅक्टिस' म्हणतात ते हेच. काम मिळवण्यासाठी बाहेरच्यांना कमिशन देण्यावर चार्टर्ड अकाउंटंटना बंदी आहे. वकिलांनाही मध्यस्थांकरवी काम मिळवता येत नाही. बाकी धंद्यांत कमिशन बेकायदा नाही, पण दिलं तर वहीत लिहून द्यावं. घेणाऱ्याचं ते उत्पन्न आहे. सध्याच्या नियमानुसार एखाद्याला वर्षाला २० हजार रुपयांपेक्षा जास्त कमिशन गेलं तर २ टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या पुढं असली तरच ही जबाबदारी येते. आणि गिऱ्हाइकाला उघड सांगावं, लपवू नये.

मग परतफेड कशानं करायची? त्यांच्या माणसाचं काम आधी हातात घेऊन, दिवाळीला घरी फराळाचा डबा देऊन, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे गिऱ्हाईक पाठवून.

"मीच पाठवतो, ते पाठवत नाहीत"

तक्रार खरी असते, पण आधी हे बघावं की समोरच्याला पाठवणं शक्य आहे का. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे माणसं आचारी ठरायच्या आधीसुद्धा येतात, तो केटररला चार कामं देऊ शकतो. केटररकडे आलेल्याची पत्रिका मात्र बहुधा छापून झालेली असते. त्यानं परत काय द्यावं? मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी ओळख करून द्यावी, आपली मेनूकार्डं आणि बिलबुकं त्याच्याकडे छापावीत. पैऱ्यात बैलजोडीच्या बदल्यात बैलजोडीच मिळत नाही. सहा महिने वाट बघून, शक्य असूनही हात हलत नाही असं दिसलं, तर नाव कागदावरून काढावं. तक्रार करत फिरू नये.

आपण सुचवलेल्यानं काम बिघडवलं तर?

माझ्यावर ही वेळ आली आहे. मी ज्यांचे हिशेब लिहितो अशा एका जुन्या पक्षकाराला मी रंगारी सुचवला. त्याचं काम मी पाहिलेलं नव्हतं, दोघांकडून ऐकलं होतं. त्यानं उचल घेतली, दोन खोल्या रंगवल्या आणि फिरकला नाही. पावसाळा तोंडावर, घरात सामान मधोमध झाकून ठेवलेलं. पक्षकारांचा फोन आला तेव्हा ते चिडले नव्हते. "तुम्ही सांगितलं म्हणून पैसे दिले," एवढंच म्हणाले. मी दुसरा रंगारी शोधला आणि दोन संध्याकाळी त्या घरी जाऊन उभा राहिलो. काम पुरं झालं. पण पुढं वर्षभर त्यांनी मला कुणाचंही नाव विचारलं नाही, आणि ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी बोलताना फरक करतो. "माझ्या घरी यांनी काम केलंय" हा पहिल्या प्रतीचा शब्द. "माझ्या दोन माणसांकडे केलंय, ते समाधानी आहेत" हा दुसऱ्या प्रतीचा. "नाव ऐकून आहे, तुम्ही चौकशी करा" ही शिफारस नाही, ती नुसती माहिती, आणि तसं तोंडानं म्हणावं लागतं.

आपल्याच धंद्यातल्या माणसाकडे गिऱ्हाईक कशाला पाठवायचं?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या सखल भागांत पाणी शिरलं. ज्यांचं यंत्र पाण्यात होतं त्यांना हातातली कामं दुसऱ्याकडे द्यावीच लागली. ज्यांनी आधीपासून एखाद्या समव्यावसायिकाशी संबंध ठेवले होते त्यांची गिऱ्हाइकं पाणी ओसरल्यावर परत आली. पूर नसतानाही तेच. लग्नसराईत हाताबाहेर गेलेलं काम "जमणार नाही" म्हणून परत लावण्यापेक्षा भरवशाच्या दुसऱ्या कारागिराचं नाव द्यावं. गिऱ्हाईक हे विसरत नाही.

पैसे भरून क्लबात जावं का?

व्यावसायिकांनी एकमेकांना शिफारशी द्याव्यात म्हणून बीएनआय ही संस्था इव्हान मिझनर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केली. तिच्या एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद असतो, दर आठवड्याला भेट होते आणि दिलेल्या-मिळालेल्या शिफारशी लिहून ठेवल्या जातात. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब उभा केला. शिस्त लावण्यासाठी अशा गटांचा उपयोग होतो. पण आधी गणित मांडा: वर्षाची फी, चहा-नाश्ता, बुडालेले तास, याला एका कामामागच्या नफ्यानं भागा. आर्किटेक्टचं दोन कामांत वसूल होईल. घरी पंधरा डबे करणाऱ्या ताईंचं होणार नाही. त्यांना गल्लीतले पाच जण पुरेत.

एक खबरदारी मात्र सगळ्यांनी घ्यावी. "माणसं जोडा, जोडलेल्या माणसामागं पैसे मिळवा" असं कुणी सांगत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. शिफारशीत पैसा प्रत्यक्ष कामातून येतो. साखळीत तो नव्या सभासदाच्या खिशातून येतो. अशा योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे.

फोनवर रिव्ह्यू असताना हे कशाला?

दोन्ही लागतं. आज माणूस शिफारस ऐकतो आणि जाता जाता फोनवर नाव तपासतो. तिथं दुकान बंद दिसलं किंवा नंबर जुना निघाला तर दुसऱ्याचा शब्द फुकट जातो. नाव, वेळ, नंबर बरोबर ठेवा, एवढं बास.

ओळखीच्यांच्या कुंपणाबाहेर जे आहेत त्यांचं काय?

या सगळ्या विषयातला हा मला सगळ्यात जवळचा भाग. शिफारशीचं जाळं आपसूक वाढू दिलं तर ते पेठ, भावकी आणि जात यांच्या वाटेनं वाढतं. आतल्यांना ते उबदार वाटतं. बाहेरच्याला दारच सापडत नाही. गावात नवीन आलेला, माहेर-सासर दोन्ही लांब असलेली बाई, ज्याच्या घरात आधी कुणी धंदा केला नाही असा मुलगा, यांचं काम कितीही चांगलं असलं तरी त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नसतं.

कोल्हापूरनं याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. चहा चांगला, जागा मोक्याची, तरी सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. महाराजांना हे कळलं तेव्हा ते फेरफटक्याला जाताना हॉटेलासमोर गाडी थांबवून गंगारामांच्या हातचा चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. भर रस्त्यावर, चार लोकांच्या देखत. त्यांनी आपली सगळी पत त्या एका कपात घातली.

माझ्या कागदावर सहा नावं आहेत, त्यातली एक जागा मी मुद्दाम अशा माणसासाठी ठेवतो ज्याला या गावात कुणी नाही. सध्या ती जागा सिंधुदुर्गातून आलेल्या एका ताईंची आहे. कोर्टापासून जवळ, छोट्या जागेत त्या घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करतात. कोकणातून तारखेला येणाऱ्यांना सकाळी हेच हवं असतं, पण गाडी लावून येणाऱ्याला त्यांची जागा दिसत नाही. मी दोनदा जाऊन जेवलो, तिसऱ्यांदा बायकोला घेऊन गेलो. मग माझ्या ओळखीच्या दोन वकिलांना सांगितलं, "कोकणातले पक्षकार आले की त्यांना विचारा, सकाळपासून काही खाल्लंय का. नसेल तर इथं पाठवा. मी स्वतः जेवलोय." चार दिवसांनी ताईंचा फोन आला, "दादा, तुमचं नाव सांगून वकीलसाहेबांकडचे चौघे येऊन गेले. एकानं दोन पार्सल पण नेली." मी दोन्ही वकिलांना तसा निरोप दिला आणि वहीत तारीख टाकली.